पाच हजारांतली चूल

सूड घ्यायचा म्हणून कुणी वकील गाठतं, कुणी निवडणुकीला उभं राहतं. आमच्या बेबीवहिनींनी त्यासाठी तूरडाळ, गूळ आणि सुकट वापरली, आणि तीही महिन्याला पाच हजारांच्या आत.

भिवंडीजवळच्या पूर्णा गावात वहिनींच्या घराच्या माडीवर मी आणि माझी बायको सुनीता साडेचार वर्षं भाड्याने राहत होतो. मी तिथल्याच एका गोदामात इन्व्हेंटरीला होतो. म्हणजे कुठल्या रॅकवर कुठला माल किती आहे, तो कधी संपणार, नवा कधी मागवायचा, हे सांगण्याबद्दल मला पगार मिळत असे. लोकांच्या शाम्पूच्या लाखभर बाटल्या मला तोंडपाठ होत्या. माझ्या स्वतःच्या घरात मात्र वीस तारीख उलटली की साखरेचा डबा चमच्याने खरवडल्याचा आवाज यायचा, आणि त्या आवाजावर मी सुनीताला काटकसरीवर भाषण द्यायचो.

असंच एक भाषण ऐन रंगात आलं असताना वहिनी जिन्यावर उगवल्या. बुटक्या, सावळ्या, पदर कंबरेला खोचलेला आणि त्या खोचलेल्या पदरात पत्र्याच्या पेटीची किल्ली. त्यांनी मला नुसतं विचारलं, "भाऊ, किराना कोन आनतं?"

"मीच आणतो."

"मंग तिला का ऐकवतंस? डाळ काय तिनं उशाला घेतली?"

तेव्हापासून सुनीता त्यांची चेली झाली आणि मी आरोपी.

वहिनींच्या पाच हजारांची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. त्यांचा नवरा सुदाम आजारपणात गेला तेव्हा घराण्याची जमीन गोदामांना भाड्याने दिलेली होती आणि भाडं थोरल्या दिराच्या, गजाशेठच्या, खात्यात जमा होत होतं. समोरचा तीन मजली बंगला त्यांचाच. आमच्या माडीचं भाडंसुद्धा मी त्यांनाच नेऊन द्यायचो. सुदामचा तेरावा झाला आणि वाट्याचा विषय निघाला. तेव्हा पंच बसले असताना गजाशेठ म्हणाले होते, "बाईमानसाच्या हातात पैसा टिकत न्हाय. जमीन हिच्या नावावर केली तर वर्सात फुकून टाकंल. म्हैन्याला पाच हजार देतो. तीन वर्सं त्यात सोताची चूल चालवून दाखव, तुझा वाटा तुझ्या नावावर करतो. मधी एकदा जरी कुनापुढं हात पसरलास, तर वाटा सोडल्याच्या कागदावर सही, नि जेवाला आमच्याकडं."

पंचांना वाटलं, बाई रडेल, कोर्टाची भाषा करेल. वहिनी म्हणाल्या, "पुढच्या दसऱ्यापासून मोजा. म्हंजे तीन वर्सांनी दसऱ्यालाच सोनं लुटू."

मी एकदा शहाणपणाने त्यांना सांगितलं होतं, की कायद्याने तुमचा वाटा तसाही तुम्हाला मिळाला असता, ही परीक्षा देण्याची काही गरज नव्हती. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोरटातनं वाटा भेटला असता. त्याचं तोंड बगाला भेटलं नसतं."

त्यात आणखी एक पाचर होती. पाच हजार ठरले ते एका ताटाचे. सासूबाई, म्हणजे गजाशेठची सख्खी आई, बंगल्यात राहणार असं धरलेलं होतं. तिथे म्हातारीला सकाळचा चहा दहाला मिळायचा आणि तोही सगळ्यांचा झाल्यावर. तिसऱ्याच दिवशी ती आपलं गाठोडं घेऊन धाकट्या सुनेच्या ओटीवर येऊन बसली ती उठलीच नाही. गजाशेठनी तिला परत बोलावलं नाही आणि पाच हजारांचे साडेपाचही केले नाहीत. वहिनी मागणार नव्हत्या, कारण मागणं म्हणजेच हरणं. पाच हजारांत दोन ताटं चालली, आणि त्यातलं दुसरं ताट फार चवीचं होतं. आजींना रोज संध्याकाळी काहीतरी गोड लागायचं.

वहिनींनी हे कसं जमवलं, ते मी इन्व्हेंटरीवाला म्हणून बरेच दिवस जिन्यातून वाकून पाहत होतो. त्या काही लिहीत नसत. एक तारखेला महिन्याचा सगळा किराणा एकदम यायचा. बाजाराला त्या कायम पोटभर जेवून जायच्या. उपाशीपोटी गेलं की भजीचं पीठसुद्धा गरजेचं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. मग सगळा माल ओटीवर ओतून त्याचे ढीग करायच्या. चार आठवड्यांचे चार ढीग असणार असं मला वाटलं होतं. पण त्या पहिल्यांदा पाचवा ढीग करायच्या, छोटासा. मी विचारलं तर म्हणाल्या, "हे वरचे तीन दीस. एकोनतीस, तीस, एकतीस. मानूस चार आठवडं नीट जगतो नि या तीन दिवसांत भिकंला लागतो. म्हनून यांचं आधी काडाचं." तो ढीग पेटीच्या तळाशी, त्यावर बाकीचे, वर कुलूप. दर सोमवारी पेटी एकदाच उघडायची. तेल मंगळवारीच संपलं तर पुढच्या सोमवारपर्यंत उकडलेलं खायचं. त्या एकतीस दिवसांच्या महिन्यांचा मनापासून द्वेष करायच्या आणि फेब्रुवारीला जवळजवळ पाहुण्यासारखं वागवायच्या.

त्यांचं दुसरं हत्यार होतं आगोट. पावसाळ्यापूर्वी आमच्या भागात घरोघर बेगमी भरतात ती. दिवाळीपासून थोडं थोडं मागे टाकून वहिनी मे महिन्यात सुकट, सुके बोंबील, वाल, मसाला, चिंच असं सगळं एकदम भरायच्या. मूठभर सुकट, दोन कांदे आणि तांदळाची भाकरी एवढ्यावर त्या आठ माणसांना बोटं चाटायला लावत.

ही विद्या पाहून मलाही चेव आला. आमच्या गोदामात खोके फाटलेला, मुदत जवळ आलेला डॅमेज माल स्टाफला निम्म्या किमतीत मिळायचा. मी घराचं बजेट आटोक्यात आणण्यासाठी व्हिनेगरच्या अठ्ठेचाळीस बाटल्या आणल्या. जिन्यात वहिनींनी अडवलं.

"ह्ये कशात घालतान?"

"चायनीजमध्ये."

"तुमच्याकडं चायनीज कवा करतात?"

"करत नाही."

"मंग स्वस्त कसं पडलं, भाऊ?"

पुढे वर्षभर आमच्या घरातली फरशी भिवंडी तालुक्यातली सर्वांत स्वच्छ फरशी होती. सुनीता अजूनही पाहुण्यांना ते कारणासकट सांगते.

वहिनी नेटाने चालल्या आहेत हे पाहून पहिल्या वर्षीच गजाशेठनी पाहुणे पाठवायला सुरुवात केली. जागा बघायला आलेले दलाल, सर्व्हेवाले, कुणी ट्रान्सपोर्टवाला. ऐन बारा वाजता त्यांचा माणूस चार-पाच जणांना घेऊन यायचा. "शेठनी सांगितलंय, जेवन धाकट्या वैनीकडं." घरी आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही, हे वहिनींना मोडता येणार नाही, हा त्यांचा हिशेब. पाच माणसं आठवड्यातून दोनदा जेवली की कुठलीही पेटी रिकामी होते.

वहिनींनी मोडलं नाही. त्यांनी पानं ओटीवर मांडली, तीही बंगल्याकडे तोंड करून, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतील अशी. सुकट दुसऱ्यांदा वाढताना त्या काळजीच्या सुरात म्हणायच्या, "पोटभर जेवा. भाऊजींच्या घरची चूल बंद हाय सध्या, म्हनून हिकडं पाठवलं. काय अडचन हाय, ते काय बोलत न्हाईत. तुमी पन इचारू नका."

दलाल न विचारता राहील तर तो दलाल कसला. पंधरवड्यात वळ गावापासून भिवंडीच्या नाक्यापर्यंत बातमी पोचली की गजाशेठ बुडाला, घरात अन्न शिजत नाही. एका ठेकेदाराने उधारीवर टाकलेली रेती परत भरून नेली. ती अफवा पुसायला गजाशेठना बंगल्यावर तीनशे माणसांना मटण घालावं लागलं. वहिनी त्या जेवणाला गेल्या, पोटभर जेवल्या, आजींसाठी डबा भरून आणला आणि मला जिन्यात म्हणाल्या, "आज माझं एक टायम वाचलं. त्याचं किती गेलं असंल?" त्यांच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद मी पुन्हा फार वेळा पाहिला नाही.

पाहुणे थांबले. दोन वर्षं सरली, तिसरं लागलं. दसऱ्याला दोन-अडीच महिने उरले, आणि इथे माझा प्रवेश होतो. तो मला टाळता आला असता तर बरं झालं असतं.

भाडं द्यायला गेलो असताना गजाशेठनी मला बसवून घेतलं. समोर काजूची बशी ठेवली. मी भाड्याच्या घरात राहणारा माणूस, काजू मला ऑफिसच्या दिवाळीच्या पाकिटात दिसायचे. "तुमी म्हंजे शिकलेले, स्टॉकमधले मानूस," गजाशेठ म्हणाले. "आमची भावजय कशी काय चालवते हो? मना कौतुक वाटतं."

मला कुणी तज्ज्ञ म्हटलं की माझी जीभ माझ्याकडे राहत नाही. मी काजू चघळत त्यांना वहिनींच्या घराचं संपूर्ण पृथक्करण करून दिलं. चार ढीग, वरचे तीन दिवस, आगोटीचं महत्त्व. आणि शेवटी, कुणी विचारलेलं नसताना, मी एक निरीक्षण नोंदवलं. "त्यांचा सगळा भार सुक्या मासळीवर आहे. श्रावणात मासळी बंद. भाज्या महाग. म्हणजे श्रावणात, आणि त्यातही महिन्याच्या अखेरीला, त्यांचा स्टॉक जवळजवळ शून्य."

गजाशेठनी बशी माझ्याकडे आणखी सरकवली.

श्रावणातला पहिला सोमवार अठ्ठावीस जुलैला आला. सकाळी आठ वाजता बंगल्यावरचा माणूस निरोप घेऊन आला. संध्याकाळी उपास सोडायला अकरा माणसं येतील. स्वतः शेठ, त्यांचे व्याही आणि तिन्ही पंच. पंचांनाच साक्षीला बसवून चूल थंड पडलेली दाखवायची, असा बेत होता.

पाचच मिनिटांत वहिनी माडीवर आल्या. आवाज अगदी हळू होता.

"त्याला श्रावनाचं कुनी सांगलं?"

सुनीताने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"किती काजू खाल्लंस, भाऊ?"

मी म्हणालो, "वहिनी, माझी चूक आहे. लागेल तो किराणा मी भरतो, आत्ता आणतो."

"नको. तुझ्याकडनं घेतलं म्हंजे हात पसरला. नि त्याला कळंल."

"कसं कळेल?"

"तूच सांगशील."

यावर सुनीता हसली, ते मला अजून लागलेलं आहे. वहिनींनी मला एक पोतं दिलं आणि गोदामाच्या मागच्या भिंतीकडे पाठवलं. गजाशेठच्या मालकीच्या त्या मोकळ्या पट्टीत पावसाने टाकळा आणि कुर्डू या रानभाज्या कंबरभर वाढल्या होत्या. मी पगारी कर्मचारी, गळ्यात गोदामाचं ओळखपत्र, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी, आणि पावसात वाकून पाला खुडतोय. गेटवरच्या बिहारी सिक्युरिटीने विचारलं, "साहब, नौकरी गई क्या?" मी म्हटलं, अजून नाही. पोतं घरी नेलं तर वहिनींनी त्यातला निम्मा पाला बाहेर फेकला, कारण तो टाकळा नव्हता आणि कुर्डूही नव्हता. "ह्ये बकरी पन खात न्हाय," म्हणाल्या, आणि मला परत पाठवलं. मी त्या दिवशी हाफ डे टाकला.

परसातला अळू निघाला. दारच्या माडाचे दोन नारळ उतरले. पेटी उघडली आणि तळाचा तो छोटा ढीग, वरच्या तीन दिवसांचा, वहिनींनी पहिल्यांदाच वेळेआधी बाहेर काढला. मूगडाळ, गूळ, तांदूळ. आजी चुलीपाशी बसून सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "बेबी, मंग आपुन उद्या काय खायाचं?"

"उद्याचं उद्या. आज तुमच्या लेकाला जेवू घालाचं हाय."

संध्याकाळी अकरा पानं बसली. मूगडाळ घालून टाकळा, कुर्डूची भाजी, अळूचं फदफदं, वरणभात, तांदळाची चंद्रासारखी भाकरी आणि नारळाच्या रसातली गुळाची खीर. पंचांतले वयस्कर धर्माकाका दोन घास खाऊन थांबले. मला वाटलं, बिघडलं. ते म्हणाले, "ही चव आमची आय गेल्यापासनं गेली होती, पोरी. कुठनं आनलीस भाजी?"

"भाऊजींच्या गोदामाच्या भिंतीकडनं. त्यांच्याच जमिनीतली. त्यांना सांगा, फुकट हाय, रोज खात जा."

गजाशेठना टाकळ्याचा कडवटपणा सोसत नाही, हे त्या घरात वीस वर्षं वावरलेल्या वहिनींना पक्कं ठाऊक होतं. त्या भाजीचं पातेलं घेऊन त्यांच्याच पानाशी उभ्या राहिल्या. "घ्या, भाऊजी. तुमचं घर समजून घ्या." एकदा, दोनदा, तीनदा. पंचांसमोर घराण्याचा कर्ता पुरुष पानात टाकणार कसा? चौथ्यांदा वाढलं तेव्हा गजाशेठच्या कपाळावर घाम आला होता. व्याही म्हणाले, "शेठला भारी आवडलेली दिसते." वहिनींनी लगेच पाचव्यांदा वाढलं.

पाहुणे तृप्त होऊन गेले. एकोणतीस, तीस आणि एकतीस तारखेला खालच्या घरातून फोडणीचा वास आला नाही. तांदळाची पेज आणि उरलेला पाला. आजींचं संध्याकाळचं गोडही नव्हतं. तीस तारखेला सुनीता खाली जाऊन बोलून बघते म्हणाली. परत आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. वहिनी चुलीपुढे बसून भुकेने कळवळणाऱ्या आजींना सांगत होत्या, "पासष्ट दीस राहिलं, आई. मी मरनार न्हाय, तुमाला पन मरू देनार न्हाय. मरून त्याला सोडाचं का?"

दसरा आला. पंच बसले, वकील आला, वाटणीपत्र तयार होतं. गजाशेठनी सही केली, पेनचं टोपण लावलं आणि पाहुणचाराच्या आवाजात म्हणाले, "झालं मनासारखं? आता तरी राग सोड."

"एक ओळ राहिली," वहिनी म्हणाल्या.

वकिलाने विचारलं, कसली?

"लिवा. तीन वर्सं आईच्या ताटाचा एक रुपया थोरल्या लेकानं दिला न्हाय."

वकील म्हणाला, असं वाटणीपत्रात लिहिता येत नाही. वहिनी म्हणाल्या, मग वेगळ्या कागदावर लिहा. गजाशेठचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्यांनी खिशातून नोटांचं पुडकं काढून कागदावर ठेवलं. "किती झालं असंल? दोन लाख? घे. अडीच घे."

"पैसं नको. ओळ पायजे."

गजाशेठ आईकडे वळले. "आये, तू तरी सांग हिला."

आजी ऐंशीच्या पुढे होत्या, कानांनी अधू. पण तेवढं त्यांना ऐकू गेलं. त्या म्हणाल्या, "मी काय सांगू? खरं हाय का खोटं हाय, येवढं तू सांग."

धर्माकाकांनी स्वतःच्या हाताने ओळ लिहिली आणि कागद गजाशेठपुढे सरकवला. त्यांनी सही केली तेव्हा पेन कागदाला टोचलं आणि तिथे भोक पडलं. वहिनींनी ते नोटांचं पुडकं उचलून दिरांच्या हातात परत दिलं, दोन्ही हातांनी, अगदी अदबीने, आणि मग आत जाऊन सगळ्यांना चहा केला.

तो कागद त्यांनी लॅमिनेशन करून घेतला. मी विचारलं, भिंतीवर लावणार का? माझ्या व्हिनेगरकडे पाहिलं होतं तसंच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुनाला दाखवाचा कशाला? तो माज्याकडं हाय, येवढं त्याला ठाव असलं म्हंजे झालं. रोज सकाळी उठलं का त्याला आठवंल."

वर्षभराने माझी बदली झाली आणि आम्ही कल्याणला राहायला गेलो. मधे एकदा काही कामाने भिवंडीला गेलो होतो. मासळीबाजारापाशी वहिनी दिसल्या. आता त्यांच्या नावावर दोन गोदामांचं भाडं येतं, पण साडी तशीच, पदर तसाच खोचलेला. त्यांनी एक जिताडा घेतला होता, चांगला पाच-सहा किलोचा, आमच्याकडे हा मासा घरात आला की आळीला कळतं. मी त्यांना काही विचारणार तेवढ्यात त्यांनीच सांगितलं, "आईचा वाडदिवस हाय. म्हैन्याच्या पैशात बसत न्हाय. पन एक दीस चालंल."

पिशवीत मासा मावत नव्हता. रिक्षावाला म्हणाला, मागे डिकीत टाका, वास येईल. त्यांनी ऐकलं नाही. मासा मांडीवर घेतला, शेपटी रिक्षाच्या बाहेर हातभर काढली, हलवून नीट दिसतेय ना ते पाहिलं आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "पूर्णा. पन घराकडनं नको, पयला बंगल्यावरनं घे. नि तिथं जरा सावकाश."